गवतालाही सुट्टी हवी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वऱ्हाडात बैलांचे खांदे तुपाहळदीने शेकतात आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या जिवाला निदान एक दिवस विसावा मिळावा, ही त्यामागची भावना. तुम्हालाही रविवारची सुट्टी असते, दिवाळीची असते, उन्हाळ्याची तर चांगली लांबलचक असते. परंतु आपल्या घरामागे एक कष्टकरी असा आहे की, त्याला बाराही महिने सुट्टी नाही. तो म्हणजे आपल्या सांदवाडीतील गवत! आज मी त्याचीच वकिली करणार आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. गवताची बाजू घेताना मी कोंबड्यांच्या विरुद्ध बोलणार नाही.

मंगरूळपीर गावात किंवा तालुक्यातील कोणत्याही खेड्यात जा. ज्या घरी कोंबड्या मोकळ्या सोडलेल्या आहेत, त्या घराचे मागचे आवार पाहा. जुलै महिन्यात सगळे शिवार हिरवेगार असते, पण खुराड्यापासून दहा-पंधरा पावलांपर्यंतची जमीन मात्र उघडी, काळी आणि चिखलाने माखलेली दिसते. दिवाळीनंतर तिथेच धूळ उडते. कडुनिंबाखाली परातीएवढे खड्डे पडलेले असतात आणि त्यांत कोंबड्या पंख पसरून धूळस्नान करीत असतात. यावरून घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘कोंबड्या कोंडून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘गवत हवे कशाला? तो तर कचरा!’ माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. ते का, हे समजण्यासाठी आधी गवत आणि कोंबडी या दोघांची ओळख नीट करून घेतली पाहिजे.

गवत मरते ते खाण्याने नव्हे

बहुतेक झाडांचा वाढणारा भाग शेंड्याशी असतो. शेंडा खुडला की वाढ तेवढ्यापुरती थांबते. गवताची तऱ्हा निराळी आहे. त्याच्या वाढणाऱ्या पेशी, म्हणजे विभाजी ऊती, पानाच्या बुडाशी आणि पेरांजवळ, जमिनीलगत असतात. आपले नख जसे मुळाकडून पुढे सरकत येते, तसेच गवताचे पाते खालून वर ढकलले जाते. म्हणून गाईने वरचे पाते ओरबाडले तरी गवत पुन्हा वाढते. तुम्ही गणपतीसाठी ज्या दूर्वा खुडता, ती हरळी तर आणखी चिवट. तिची धावती खोडे जमिनीवर पसरतात, भूमिगत खोडे मातीच्या आत पसरतात आणि प्रत्येक पेरातून मुळे व नवा फुटवा निघू शकतो. शेतकरी तिला उपटून उपटून थकतो, पण ती जात नाही.

मग हीच हरळी कोंबड्यांपुढे हार कशी खाते? याचे उत्तर कोंबडीच्या चोचीत नसून तिच्या पायांत आहे. एकदा शांतपणे बसून कोंबडीकडे पाहा. ती एका पायाने माती मागे ओढते, मग दुसऱ्या पायाने ओढते, एक पाऊल मागे सरते, मान वाकडी करून उकरलेल्या जागेकडे पाहते आणि टिपते. किडा, मुंगी, अळी, बी, जे मिळेल ते. तिचा रानातील पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील जंगलात राहणारा तांबडा रानकोंबडा. तो झाडाखालचा पालापाचोळा असाच उकरून पोट भरतो. माणसाने कोंबडी पाळून हजारो वर्षे झाली, तरी ही सवय तिने सोडलेली नाही. पुढे दाणे टाकलेले असतानाही ती मधूनच माती उकरते, हे तुम्ही पाहिलेच असेल.

गाय पाते खाते, पण बूड शिल्लक ठेवते. कोंबडी पाते थोडेच खाते, पण बूड उघडे पाडते. उघडी पडलेली मुळे उन्हात वाळतात आणि गवताचा वाढणारा भागच नाहीसा होतो. कोवळे रोप असेल तर ते मुळासकट उपटून येते. थोडक्यात, गवताला मारतो तो घास नव्हे, ओरखडा.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोंबडी गवतावर जगत नाही. गाईच्या पोटात कोठीसारखा मोठा कप्पा असतो आणि त्यात राहणारे सूक्ष्मजीव गवतातील सेल्युलोज फोडतात. कोंबडीजवळ अशी सोय नाही. तिची पेषणी बारीक खड्यांच्या साहाय्याने दाणे भरडते, परंतु जून पात्यातील सेल्युलोज तिला फारसे पचत नाही. म्हणून ती कोवळे शेंडे तेवढे निवडून खाते. या शेंड्यांतून तिला जीवनसत्त्वे मिळतात आणि झँथोफिल नावाची पिवळी रंगद्रव्येही मिळतात. हिरवा चारा खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातील बलक गर्द केशरी-पिवळा दिसतो, त्याचे कारण हेच. कोंबडीला ही रंगद्रव्ये स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात.

गवताविना काय अडते?

‘गवत नसले तर बिघडले कुठे?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. आपल्याकडील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि अनेकदा धो धो पडतो. उघड्या मातीवर पडणारा टपोरा थेंब लहानशा हातोड्याचे काम करतो. तो मातीचे कण सुटे करतो आणि हे कण वरची छिद्रे बुजवतात. मग पाणी आत मुरण्याऐवजी माती घेऊन नालीकडे धावते. गवताचे पाते तोच थेंब झेलते, त्याचा जोर मोडते आणि खालची मुळे मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात.

मी लहान असताना आमच्या सांदवाडीत हेच घडले. तीन पावसाळ्यांत आमच्या खुराड्यामागील भिंतीचा पाया वीतभर उघडा पडला. आम्ही मुलांनी हौसेने बाजारातून गवताचे बी आणून फेकले. दुपारपर्यंत कोंबड्यांनी ते टिपून साफ केले! पेरणीच्या दिवशी पाहुण्यांना जेवायला बोलावावे, तसा तो प्रकार झाला. त्या फजितीतून एवढे मात्र शिकलो की, उपाय पेरण्यापासून सुरू होत नाही, थांबण्यापासून सुरू होतो.

आता विष्ठेचा हिशेब करू. देशी कोंबडी अंगाने लहान, म्हणून तिची रोजची ओली विष्ठा ६० ग्रॅम धरू. दहा कोंबड्यांची रोजची ६०० ग्रॅम, म्हणजे वर्षाची सुमारे २१९ किलो झाली. ओल्या विष्ठेत दीड टक्का नत्र धरले, तर वर्षाला सुमारे ३.३ किलो नत्र होते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे तुमच्या दहा कोंबड्या वर्षाकाठी सात किलो युरियातील नत्राएवढे नत्र फुकट देतात. यातील निम्मी विष्ठा रात्री खुराड्यात पडते असे मानले, तरी उरलेले १.६ किलो नत्र एक गुंठ्याच्या आवारात पडते. एकराच्या मापाने हे सुमारे ६५ किलो झाले. जिराईत कपाशीला नत्राची जी मात्रा देतात, तिच्यापेक्षा हे कमी नाही. यातील काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, हे खरे. तरीसुद्धा उरते ते गवताला पुरेसे आहे.

परंतु हे खत सगळीकडे सारखे पडले तर ना! कोंबडी खुराड्याजवळ आणि सावलीत घुटमळते. तेथे खताचा इतका मारा होतो की, गवत पिवळे पडून जळते आणि कुंपणाकडचे गवत उपाशी राहते. शिवाय ओलसर उघड्या जमिनीवर विष्ठा साचली की, जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे परजीवी तेथे टिकून राहतात व पिलांना बाधतात. म्हणजे खत तेच आणि कोंबड्याही त्याच. ते पसरले तर अमृत आणि साचले तर विष.

मग कोंबड्या कोंडायच्या का?

नाही. मोकळी कोंबडी किडे, अळ्या, तणांचे बी आणि खरकटे यांवर आपले बरेचसे पोट भरते. कोंडली की तिचे सगळे खाद्य विकत आणावे लागते. बहुतेक घरांत अंड्यांचे पैसे आईच्या किंवा आजीच्या हाती येतात. वही, पेन, कधी औषध यांसाठी ते उपयोगी पडतात. आवार हिरवे दिसावे म्हणून हा आधार काढून घेणे मला मान्य नाही. म्हणूनच कुंपण घालण्याचा बेत आखण्यापूर्वी ज्या हातांनी रोज संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकल्या जातात, त्या हातांचा सल्ला घ्या. कोणती कोंबडी कुठे अंडे घालते आणि मुंगूस कोणत्या बाजूने येते, हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते.

आणि गवताला चरणे मुळीच नको, असेही नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात एक छोटी नोंद आहे. नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीच्या तीन फूट बाय चार फूट तुकड्यावर वनस्पतींच्या वीस जाती होत्या. कापणे थांबवून तो तुकडा मोकळा वाढू दिला, तेव्हा त्यांतील नऊ जाती नाहीशा झाल्या. जोमदार वनस्पतींनी नाजूक वनस्पतींना दाबून टाकले. म्हणजे कायमची बंदी हाही उपाय नव्हे.

याच ग्रंथात याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यात फार्नहॅमजवळच्या माळावर गुरे चरत. माळाचा काही भाग कुंपणाने बंद केल्यावर तेथे फरची झाडे आपोआप दाट उगवली. मोकळ्या भागात मात्र झाडे दिसेनात. डार्विनने वाकून नीट पाहिले, तेव्हा एका चौरस यार्डात त्याला बत्तीस खुरटी रोपे सापडली. त्यांतील एकाच्या खोडात सव्वीस वाढचक्रे होती. सव्वीस वर्षे ते रोप डोके वर काढण्याची धडपड करीत होते आणि गुरे ते खुडीत होती! आपल्या आवारातील उघड्या मातीखालीसुद्धा हरळीचे असे कितीतरी तुकडे संधीची वाट पाहत असतील.

उपाय : विसावा

माझे मत थोडक्यात असे आहे. कोंबडीला मोकळीक हवी आणि गवताला विसावा हवा. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी देता येत नाहीत. पण जागा बदलून देता येतात.

आवाराचे चार भाग करा. तारेची जाळी हवीच असे नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्या बांधून केलेल्या कमरेएवढ्या ताट्या चालतात. त्या कोठे टेकवून बांधल्या की झाले. हलकी देशी कोंबडी त्यावरून उडालीच, तर ताटी थोडी उंच करा. पावसाळ्यात कोंबड्यांना एका भागात आठवडाभर सोडा, मग पुढच्या भागात न्या. प्रत्येक भागाला तीन आठवडे विसावा मिळतो. दिवसांपेक्षा गवतालाच विचारणे अधिक चांगले. गवत वीतभर वाढले की कोंबड्या सोडा आणि चार बोटे उरले की काढा. गवत लवकर संपत असेल तर जागेच्या मानाने कोंबड्या जास्त झाल्या, असे समजा.

उन्हाळ्यात नियम बदलतो. तेव्हा पाणी नसते, गवत वाढत नाही. ते जमिनीखालील खोडांत अन्न साठवून झोपलेले असते. त्यावेळी उकरणे सर्वांत घातक. म्हणून एक कोपरा कोंबड्यांना आंदण देऊन टाका. त्यात सोयाबीनचे कुटार आणि वाळलेला पाला पसरा. कोंबड्या ते मनसोक्त उकरतील, विष्ठा त्यात मिसळेल आणि पावसाळ्यापूर्वी खत गोळा होईल. पहिला पाऊस झाल्यावर मात्र धीर धरा. त्या पहिल्या हिरव्या कोंबात गवताने वर्षभराची शिल्लक खर्च केलेली असते. तो कोंब उकरला गेला, तर दुसऱ्यांदा फुटण्यास बळ उरत नाही.

आणखी दोन सोप्या युक्त्या आहेत. पाण्याचे कुंडे आणि दाणे टाकण्याची जागा रोज बदला, म्हणजे कोंबड्यांची वर्दळ विभागली जाईल. आणि लाकडी चौकटीवर जाळी ठोकून ती गवतावर चार-पाच बोटे उंच ठेवा. जाळीतून वर आलेले शेंडे कोंबड्यांना खाता येतील, पण बुडाशी पाय पोचणार नाहीत. म्हणजे घास चालू राहील आणि ओरखडा बंद होईल.

न्यायाने बोलायचे तर प्रत्येक उघड्या जागेचा दोष कोंबडीच्या माथी मारू नये. हरळीला भरपूर ऊन लागते. दाट कडुनिंबाखाली ती कोंबड्या नसल्या तरी नीट वाढणार नाही. तेथे पालापाचोळाच राहू द्या. दुसरे असे की, ‘गवत वाढले तर साप येतील’ ही आजीची भीती हसण्यावारी नेऊ नका. दाराजवळ आणि पायवाटेवर गवत बुटकेच असावे, अंधारात बॅटरीशिवाय तेथे जाऊ नये. गवत राखणे म्हणजे रान माजवणे नव्हे.

करून पाहा

माझे म्हणणे खरे की खोटे, हे तुम्हीच ठरवा. जुलैच्या सुरुवातीला घरी किंवा शाळेच्या आवारात एकेक मीटर लांबी-रुंदीचे तीन चौरस आखा. पहिला मोकळा ठेवा. दुसऱ्याला चारही बाजूंनी ताट्या लावा. तिसऱ्यावर जाळीची चौकट ठेवा. तिन्ही जागी ऊन आणि उतार सारखा हवा, नाहीतर तुलना फसेल. दर दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणली की, चौरसात शंभर घरे होतात. त्यांत गवत नसलेली घरे दर रविवारी मोजा. जितकी घरे, तितके टक्के जमीन उघडी. भागाकाराचीसुद्धा गरज नाही! दहा पात्यांची उंची मोजून सरासरी काढा. मग दोन्ही बाजूंनी उघडा असलेला डबा दोन बोटे जमिनीत दाबा, त्यात पेलाभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहा. एकाच आवारावरून निष्कर्ष काढू नका. वर्गातील पाच-सहा जणांनी आपापल्या घरी हा प्रयोग केला, तर आकडे अधिक विश्वासार्ह होतील. शिक्षकांनी हा तक्ता वर्गात लावावा, अशी माझी विनंती आहे. आणि आकडे माझ्या मताविरुद्ध गेले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने लिहावेत.

सांदवाडीपासून गावापर्यंत

ही गोष्ट फक्त कोंबड्यांची आहे का? आपल्याकडे गावाला गुरे चारण्यासाठी ‘ई-क्लास’ जमीन असते. गावची सगळी ढोरे तेथे बाराही महिने फिरली, तर तिचेही आपल्या खुराड्यापुढच्या जमिनीसारखेच होते. १९६८ साली गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की, सामाईक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जातो. फायदा त्याचा एकट्याचा, तोटा मात्र सर्वांत वाटला जातो, आणि शेवटी कुरण नष्ट होते. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, हे अटळ नाही. जगात कितीतरी ठिकाणी लोकांनी स्वतः नियम करून आपली कुरणे, पाणी आणि जंगले राखली आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्या महाराष्ट्रातील हिवरे बाजार हे याचे जवळचे उदाहरण होय. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील या दुष्काळी गावाने पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली. तेथे गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत मात्र कापून आणायचे, असा नियम झाला. आपल्या जाळीच्या चौकटीचे तत्त्व तरी दुसरे काय आहे? घास घ्या, पण बूड राखा. गवत म्हणजे ओसाडी नव्हे, हे समजण्यासाठी तर फार लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्याच वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य आहे. गवताळ माळ नसेल, तर काळवीट राहणार कुठे?

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. तसेच कोंबड्या नुसत्या कोंडल्या म्हणून अंगण हिरवे होत नाही, आणि सगळे मोकळे सोडले म्हणूनही होत नाही. जमिनीकडून काही घ्यायचे असेल, तर घेण्याला थोडा खंड द्यावा लागतो. ई-क्लासवर कोणी किती गुरे न्यावी, हे ठरवणे आज तुमच्या हाती नाही. पण खुराड्याचे दार कोणत्या बाजूला उघडावे, हे तुम्हाला आईला विचारून उद्याच ठरवता येईल. येत्या पावसाळ्यात तेवढे करून पाहा. पुढे ग्रामसभेत बसण्याचे वय होईल, तेव्हा गावच्या कुरणाबद्दल बोलताना तुमच्याजवळ नुसते मत नसेल, स्वतः मोजलेले आकडे असतील.